वाचकांचे प्रश्न : घमेल्यात मिसळलेले टॅपेट

प्रश्न : आजोबांच्या जुन्या सहा सिलिंडरच्या पुशरॉड इंजिनातून टकटक आवाज येत असल्याने बाराही हायड्रॉलिक टॅपेट (कॅम व वाल्व्हकडे जाणारा दांडा म्हणजे पुशरॉड यांमधले, तेलाच्या दाबाने फट भरून काढणारे भाग) खोलून धुतले. बाहेरची नळकांडी क्रमाने खोक्यात ठेवली. आतले प्लंजर (नळकांड्यात सरकणारे दट्टे), गोळ्या व स्प्रिंगा मात्र एकाच घमेल्यात पडल्या. आता जुळणी कशी करावी?
— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : नळकांडी क्रमाने ठेवलीत, हे फार बरे झाले. टॅपेटचा तळ आणि त्याखालचा कॅम (फिरत्या दांड्यावरचा उंचवटा) एकमेकांवर घासून जुळलेले असतात. नळकांड्यांची अदलाबदल झाली असती, तर कॅमची झीज झपाट्याने झाली असती. प्लंजरचा प्रश्न मात्र उरतोच. प्लंजर व नळकांडे यांतील फट इतकी सूक्ष्म असते की कारखान्यात त्यांच्या जोड्या निवडून लावलेल्या असतात, आणि त्या फटीतून तेल किती सावकाश झिरपते यावरच टॅपेटचे सगळे काम चालते. मूळची जोडी डोळ्यांनी ओळखता येत नाही. स्वच्छ तेल लावल्यावर जो प्लंजर न अडकता सरकतो, पण सैल वाटत नाही, तो त्या नळकांड्याचा धरावा. तरीही खात्री हवी असल्यास बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या जाणत्या इंजिन कारागिराकडून तेल झिरपण्याचा वेग मोजून घ्यावा.

जोडताना प्लंजर उलटा धरून त्याच्या छिद्रावर गोळी, गोळीवर छोटी स्प्रिंग आणि त्यावर टोपी दाबून बसवावी. मग मोठी स्प्रिंग ठेवून वरून नळकांडे सरकवावे, जोडणी सुलटी करावी, तेल भरावे, बारीक तारेने गोळी हलकेच दाबून आतली हवा काढावी, आणि शेवटी पुशरॉडची वाटी व तारेची कडी बसवावी. तेल भरलेला प्लंजर अंगठ्याने दाबल्यास घट्ट लागला पाहिजे. सहज खाली गेला तर गोळी नीट बसलेली नाही किंवा तिच्याखाली कचरा आहे. पुसण्यासाठी धागे सुटणारे फडके वापरू नये, एक तंतूही पुरतो. खानापूरच्या पावसाळी हवेत धुतलेल्या पोलादावर गंज लवकर चढतो, म्हणून प्रत्येक भाग वाळताच त्याला तेल लावावे.

रॉकर (वाल्व्ह दाबणाऱ्या तरफा) कसल्यावर लगेच स्टार्टर मारू नये. तेलाने फुगलेले टॅपेट वाल्व्ह उघडे धरून ठेवतात, त्यांना बसायला वेळ द्यावा. सुरुवातीची टकटक तेल गरम होईपर्यंत चालेल. त्यानंतरही एखादा वाजतच राहिला, तर तेवढाच पुन्हा खोलावा.