अमलात, अंमलबजावणी आणि आपलं बेज्या

मेळघाटातून एकांनी विचारलंय : ‘वनहक्क कायदा २००६ मध्येच अंमलात आला, असं ग्रामसभेत सांगतात. हे बरोबर का?’

नाही. आधी ते ‘अंमलात’ खोडा. किंमत–किमतीला, गंमत–गमतीनं, हिंमत–हिमतीनं, तसंच अंमल–अमलात. सामान्यरूपात ‘म’आधीचा अनुस्वार जातो. शाळेतला नियम आहे, तरी बातम्यांच्या पट्टीवर रोज ‘अंमलात’ वाचावं लागतं.

आता तारीख. राष्ट्रपतींची संमती मिळाली २९ डिसेंबर २००६ ला. पण केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवेल त्या दिवशी हा कायदा अमलात येईल, असं त्याच्यातच लिहिलेलं. तो दिवस ठरला ३१ डिसेंबर २००७. म्हणजे वर्षभर कायदा होता, अंमल नव्हता. दिल्लीच्या १९९५ च्या भाडे कायद्याला संमती मिळाली, पण अधिसूचना निघालीच नाही. ‘पास झाला म्हणजे लागू झाला’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पाठ करावं. कायद्यात दिवसाचा उल्लेखच नसेल, तर केंद्राचा कायदा संमतीच्या दिवशी अमलात येतो. महाराष्ट्राचा, ती संमती राजपत्रात छापून येईल त्या दिवशी.

पण खरी गोडी आहे ‘अंमलबजावणी’त. अंमल अरबी, अर्थ काम, कृती. ते सोडा. बजावणी पाहा! आमच्याकडे चांगली शिकलेली माणसंही सांगतात, की कोतवाल डफडं वाजवून दवंडी द्यायचा, म्हणून वाजवणे, बजावणे, बजावणी. ऐकायला छान, पण साफ चूक. नोटीस बजावताना कोण काय वाजवतं? हा शब्द फारसी ‘बजा’वरून आलाय. ‘ब’ म्हणजे -ला, ‘जा’ म्हणजे जागा. बजा आणणे म्हणजे जागी आणणे, पार पाडणे. हिंदीत ‘हुक्म बजा लाना’ म्हणतात, तेच हे. आपल्या ‘जागा’ शब्दात हाच ‘जा’ आहे, जहागिरीतही आहे.

आणि याच ‘जा’ला ‘बे’ लागला की बेजा, जागा सोडून गेलेलं, प्रमाणाबाहेरचं. पुस्तकात ‘बेजा वापर’ एवढ्यापुरतं उरलंय ते. वऱ्हाडात मात्र ‘बेज्या ऊन हाय’, ‘बेज्या गर्दी झाली’ हे लेकराच्याही तोंडी. गावंढळ म्हणून याला नाकं मुरडणाऱ्या मास्तरांना माझं सांगणं आहे : सरकारी कागदावरची बजावणी आणि आमचं बेज्या, दोघांच्या पोटात एकच शब्द आहे. मला तर वाटतं, हा जोड आमच्या बोलीत इतका टिकला तो वऱ्हाडवर दीर्घकाळ फारसीत चाललेल्या कारभारामुळेच.

हां, ग्रामसभेचं राहिलं. ठरावात असं लिहा : ‘२००६ चा कायदा, ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात.’ कायद्याच्या नावातलं वर्ष २००६ च राहतं, ते बदलू नका.