पेटी माळ्यावरून खाली काढ

मावशी, मी ४४ वर्षांची. लहानपणी अमेरिकेतल्या मामांनी 'सेसमी स्ट्रीट' या तिकडच्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाचं पुस्तक आणलं, तेव्हापासून त्यातला पिवळा बिग बर्ड माझा नि दादाचा लाडका. दादानं आईच्या जुन्या पातळाचा तसा पक्षी शिवला होता, गणपतीत खेळ करायचा. आता त्या कार्यक्रमात जिकडेतिकडे एल्मो हे छोटं लाल बाहुलं, बिग बर्ड नावापुरता. मी म्हणते हा अन्याय आहे. दादा म्हणतो, 'मुलांना आवडतं तेच दाखवणार.' मी घरच्या ग्रुपवर त्याला पलटूराम म्हटलं. दोन महिने अबोला आहे. तसाही हल्ली तो गप्पच असतो. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, पक्ष्याची पेटी माझ्याच माळ्यावर पडून आहे. त्याला कसं पटवू?
– एक बहीण, राजेंद्रनगर, इंदूर

एल्मोवर एवढं लिहिलंस आणि दादाच्या हातावर अर्धं वाक्य. मला राग आला तुझा.

एवढी चाहती आहेस, तर बिग बर्ड चालतो कसा हे तुला ठाऊक असणार. आठ फूट दोन इंचांचा पक्षी. आत माणूस उभा, उजवा हात डोक्यावर सरळ ताणलेला, त्या हातात पक्ष्याचं डोकं नि चोच. डावा हात डाव्या पंखात. उजवा पंख गळाच्या दोरीनं डाव्याला जोडलेला. आतून बाहेरचं दिसत नाही म्हणून छातीवर छोटासा टीव्ही. कॅरोल स्पिनी १९६९ पासून असे उभे राहिले. २०१५ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, तोल सांभाळेना तेव्हा त्यांनी पक्ष्यात शिरणं थांबवलं.

तो वर गेलेला उजवा हात म्हणजेच बिग बर्ड. तुझ्या दादाचा नेमका तोच अडलाय. असा माणूस 'मुलांना आवडतं तेच दाखवणार' म्हणतो, तेव्हा तुला त्यात एल्मोची वकिली ऐकू आली? मला तर तो स्वतःचीच समजूत घालताना ऐकू आला. आणि तू त्याला सगळ्या भाचरंडांसमोर पलटूराम म्हणालीस.

वादाचं म्हणशील, तर दादाचं बरंचसं खरं आहे. बिग बर्ड सहा वर्षांचा, एल्मो साडेतीनचा. नव्वदच्या दशकात बघणारी मुलंच आणखी लहान झाली, तासभर त्यांचं लक्ष टिकेना, म्हणून १९९८ मध्ये कार्यक्रमाच्या शेवटी एल्मोचा वेगळा भाग जोडला. २०१६ मध्ये तासाचा कार्यक्रम अर्ध्या तासावर आला. तरी हळहळ मलाही वाटते. दुकानदार मिस्टर हूपर वारले, आता ते परत येणार नाहीत, हे १९८३ मध्ये लाखो मुलांना कळलं ते या पक्ष्याला समजावून सांगताना. ते एल्मोच्या वयाला पेललं नसतं. पण हे दादाला पटवायची काय गरज? त्याला ते तुझ्याआधी कळलेलं आहे.

तेव्हा आता पटवणं सोड. ज्या ग्रुपवर बोललीस, तिथेच आज माफी माग. रविवारी पेटी खाली काढ, पक्ष्याला ऊन दाखव, उसवलं असेल तिथे टाके घाल आणि दादाकडे जा. खांदा डॉक्टरांना दाखवलाय का, तेही विचार. तू त्याबद्दल चकार शब्द लिहिला नाहीस.

स्पिनींनी पोशाख सोडला, आवाज सोडला नाही. २०१८ पर्यंत आत मॅट व्होगेल, त्यांच्याकडूनच शिकलेला, आणि बोलणारे स्पिनी. तुमच्याकडेही तसंच करा. हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतली तिची झांकी, म्हणजे चित्ररथ, कामगारांनी बंद पडू दिली नाही. तू इंदूरची आहेस, तुला हे मी काय सांगायचं! या गणपतीत पक्ष्यात हात तुझा, आवाज दादाचा.

दहा मिनिटांत तुझा हात भरून येईल. दादा बोलतोय तोवर खाली घेऊ नकोस.