परसबागेतल्या किडी : फवारा उचलण्याआधी पान उलटून पाहा

परसबागेबद्दल आलेले प्रश्न बरेचसे चार तक्रारींत मावतात. निंबोळी अर्क मारूनही मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) गेला नाही. वांग्याचे शेंडे माना टाकतात. कारली-दोडक्याची कोवळी फळे पिवळी पडून गळतात. मिरचीची पाने वळतात. रासायनिक औषध नको, पण सगळ्यावर चालेल असा एक नैसर्गिक अर्क सांगा, अशी मागणी आहे. असा एक अर्क नाही. कीड कुठे बसते आणि कशी खाते, त्यावर उपाय ठरतो.

निंबोळी अर्क का लागू पडत नाही?

बहुतेक वेळा चूक अर्कात नसते, तो करण्यात आणि मारण्यात असते. एक लिटर फवाऱ्यासाठी 50 ग्रॅम निंबोळ्यांची भरड पाव लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी चुरगळून दुहेरी फडक्यातून गाळा, चोथ्यावर पाणी घालून पुन्हा पिळा आणि एकूण एक लिटर करा. त्यात 1 ते 2 मिली सौम्य द्रव साबण घाला, म्हणजे अर्क पानावर पसरेल. काळ्या पडलेल्या, बुरशी लागलेल्या किंवा वर्षाहून जुन्या निंबोळ्यांत दम राहत नाही. यातला ॲझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची आणि अर्क त्याच दिवशी संपवायचा. उरलेला बाटलीत भरून आठवडाभर ठेवला तर ते नुसते वासाचे पाणी.

दुसरे म्हणजे निंबोळी कीड जागेवर मारत नाही. अळीचे खाणे मंदावते, तिला नीट कात टाकता येत नाही. परिणाम दिसायला तीन-चार दिवस जातात, आणि तोही लहान अळ्यांवर. बोटाएवढ्या अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे हाच खरा उपाय.

निंबोळी तेल वापरत असाल तर लिटरला 5 मिली पुरे. आधी 2 मिली साबण थोड्या कोमट पाण्यात फेटा, त्यात तेल घालून दुधासारखे होईपर्यंत हलवा, मगच उरलेले पाणी ओता. तेल थेट पाण्यात टाकले की वर तरंगते. मग काही पानांवर नुसते पाणी पडते आणि काहींवर निव्वळ तेल. पाने करपल्याच्या तक्रारींमागे अनेकदा हेच असते. कपडे धुण्याची पावडर मात्र फवाऱ्यात कधीच नको. तिच्यातल्या क्षाराने कोवळी पाने भाजतात. कोणतेही मिश्रण आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस वाट पाहा.

मावा, पिठ्या ढेकूण आणि मुंग्या

माव्याचे ठाणे पानाच्या खालच्या बाजूला आणि कोवळ्या शेंड्यावर असते. वरून कितीही फवारले तरी त्याच्या अंगाला थेंब लागत नाही. सुरुवातीला पान हातात उलटे धरून पाण्याची जोरदार धार मारा. खाली पडलेला बराचसा मावा परत चढत नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा धार मारा. तरीही राहिला तर लिटरला 5 मिली सौम्य साबण घेऊन खालची बाजू ओली होईपर्यंत फवारा. साबण ओला आहे तोवरच काम करतो.

शेंड्याकडे मुंग्यांची रांग जाताना दिसली तर आधी ती तोडा. मावा आणि पिठ्या ढेकूण गोड चिकट पाणी सोडतात. ते चाटायला मुंग्या येतात आणि बदल्यात माव्यावर आलेल्या मित्रकिडींना हुसकावून लावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा. जाड खोडाला कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. थेट सालीवर ग्रीस लावू नका. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणचट पांढरे आवरण असते, त्यामुळे ओल्या कापसाने पुसून किंवा दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडून काढल्याशिवाय फवारा लागू पडत नाही.

माव्याच्या गर्दीत नीट पाहिले तर काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे दिसतील. एखाद्याच्या पाठीवर गोल भोकही असते. त्यांच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीने अंडे घातले होते. भोक पडले म्हणजे नवी माशी बाहेर पडली. असे मावे दिसत असतील तर आठ दिवस काहीही फवारू नका. ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी काळसर-राखाडी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या आकाराची असते. ती शत्रू समजून हमखास चिरडली जाते. खरे तर ती रोज ढिगाने मावा खाते. उलट वांग्याच्या पानाची जाळी करणारा ठिपक्यांचा भुंगेरा ढालकिड्यासारखाच दिसतो, पण त्याचे अंग चकचकीत नसते, बारीक लव असते आणि त्याची अळी पिवळी, काटेरी असते. तो मात्र वेचून मारा.

शेणखत आणि नत्र जास्त झाले की लुसलुशीत फूट येते आणि मावा तिथेच जमतो. दर आठवड्याला खत घालत असाल तर ते आधी थांबवा.

वांग्याचा शेंडा, वेलीचे फळ

मान टाकलेल्या शेंड्यात अळी असते आणि तिथे कोणताही फवारा पोहोचत नाही. शेंडा दोन इंच खालून कापा, चिरून अळी मारा. भोक पडलेली वांगीही तशीच काढा. कापलेले शेंडे झाडाखाली टाकले तर अळी बाहेर पडून पालापाचोळ्यात कोष करते.

वेलींवरच्या फळमाशीची अळी फळात वाढते आणि मातीत कोष करते, म्हणून गळलेले फळ रोज उचला. ते कंपोस्टमध्ये नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. परागीभवन होऊन फळ बोटाएवढे झाले की लगेच कागदी किंवा कापडी पिशवी चढवा. माशीने फळ टोचून अंडी घातल्यावर पिशवीचा उपयोग नाही. कामगंध सापळा (नर माशीला वासाने ओढणारा) घेताना वेलवर्गासाठी क्यू-ल्युअर हेच आमिष मागा. मिथाइल युजेनॉल आंबा-पेरूच्या माशीसाठी असते.

मिरचीची वळलेली पाने

पान वरच्या बाजूला वाटीसारखे वळले असेल तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळले असेल तर कोळी (घरातला जाळे विणणारा नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड). फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावा. पिवळे सापळे पांढऱ्या माशीसाठी असतात. दोन्ही झाडाच्या शेंड्याच्या उंचीला हवेत. कोळी सापळ्यावर येतच नाही. वळलेले शेंडे खुडून टाका, पानांच्या खालच्या बाजूने पाणी मारा आणि मुळाशी ओल टिकवा. पाने आखडून पिवळी पडली आणि झाड खुजे राहिले असेल तर तो विषाणू असण्याची शक्यता जास्त. त्यावर औषध नाही, झाड उपटा.

तंबाखूचा काढा चालेल का?

नाही. निकोटिन माणसाला आणि मित्रकिडींना तितकेच विषारी आहे, आणि तंबाखूतून मोझॅकचा विषाणू टोमॅटो-मिरचीवर जाऊ शकतो. तंबाखू हाताळली असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना हात लावू नका.