प्रकाश कुठे थांबतो?

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डोळ्यात शिरलेला प्रकाश मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात पोहोचतो, असे तू विचारले आहेस. आणि ज्ञानेंद्रियांचे संपूर्ण प्रकरण पाठ करूनही हे उमगत नाही, म्हणजे मानसशास्त्र आपल्याला झेपणार नाही, असा निष्कर्षही काढला आहेस. प्रश्न उत्तम आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. प्रकाश मेंदूत पोहोचतच नाही. दृष्टिपटलावरील, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावरील, दंडपेशी आणि शंकुपेशी या प्रकाश टिपणाऱ्या पेशींमधल्या रंगद्रव्याचा रेणू प्रकाशकण शोषून आपला आकार बदलतो, त्यामुळे त्या पेशीतला विद्युतप्रवाह घटतो, आणि तिथून पुढे जातो तो प्रकाश नसून मज्जातंतूंचा संदेश असतो.

म्हणून कोणतेही ज्ञानेंद्रिय अभ्यासायला घेतलेस की भागांची नावे घोकण्याआधी विचार: बाहेरच्या ऊर्जेचे मज्जासंदेशात रूपांतर नेमके कुठे झाले? कानाचेच घे. कर्णपटल थरथरतो, तीन चिमुकल्या अस्थी ते कंपन पुढे देतात, शंखाकृती नलिकेतला द्रव हलतो. इथपर्यंत सारी हालचालच आहे. केसपेशींच्या टोकावरचे तंतू वाकतात, त्यांतली सूक्ष्म द्वारे उघडून विद्युतभारित कण आत शिरतात, आणि तिथे रूपांतर होते. आकृतीला अचूक नावे देऊनही ‘आवाज मेंदूत जातो’ असे लिहिणाऱ्या उत्तराला मी कधीही पूर्ण गुण दिले नाहीत, आजही देणार नाही.

तुला हे शब्दांचे खेळ वाटत असतील, तर डोळे मिटून एका डोळ्याचा बाहेरचा कोपरा पापणीवरून अगदी हलके दाब. नाकाच्या बाजूला प्रकाशाचा ठिपका दिसेल. बाहेरून आला तो दाब, अनुभव मात्र प्रकाशाचा. कारण अनुभवाचा प्रकार उद्दीपकावरून, म्हणजे बाहेरून इंद्रियाला चेतवणाऱ्या गोष्टीवरून नव्हे, तर कोणता मज्जातंतू उद्दीपित झाला यावरून ठरतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेला हा विचार आजही टिकून आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिनने जीभ भाजल्यासारखी वाटते, कारण साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेल्यावर उघडणारा ग्राहकच, म्हणजे मज्जापेशीवरचे संवेदनशील द्वारच, ते रसायन उघडते. या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तिखट ही चव नाही, हे वाक्य पाठ करायची गरजच पडू नये. रूपांतर कुठे झाले हे विचारलेस की ते आपोआप हाती येते.

आणि कृपा करून डोळ्याला कॅमेरा म्हणू नकोस. दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात, तर डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिमज्जेत तंतू असतात जेमतेम १० लाख. म्हणजे डोळ्यातच निवड आणि सारांश होऊन जातो. मेंदूला चित्र मिळत नाही, कडा, फरक आणि बदल यांच्या खुणा मिळतात. ‘आधी संवेदन, मग अवबोधन’, म्हणजे आधी इंद्रियांनी टिपणे आणि मग मेंदूने अर्थ लावणे, अशी जी ठळक रेघ पुस्तकात दिसते, ती प्रत्यक्षात एवढी ठळक नाही. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवले की ‘बा’ हा ध्वनी ऐकवताना पडद्यावर ‘गा’ म्हणणारे ओठ दाखवले, तर अनेकांना ‘दा’ ऐकू येते. दोन इंद्रियांत स्वतंत्रपणे झालेल्या रूपांतरांतून मेंदू एकच अनुभव घडवतो.

या एका प्रश्नावर मी तासामागून तास घालवते आणि वेबरचा नियम दोन वाक्यांत उरकते, असा आक्षेप माझ्यावर वर्षानुवर्षे घेतला गेला. उरकते, हे खरे आहे. जाणवण्याइतका फरक मूळ उद्दीपकाच्या ठरावीक प्रमाणात असावा लागतो, उचललेल्या वजनासाठी सुमारे २ टक्के, हे समजायला तास लागत नाही. रूपांतर समजायला लागतो. या प्रकरणाची सुरुवातच रूपांतरापासून व्हावी, यासाठी अभ्यासक्रम ठरवताना मी आणखी भांडायला हवे होते, याची खंत मात्र आहे. तसे झाले असते, तर कदाचित तुझ्यावर अशी निराश होऊन लिहिण्याची वेळ आली नसती.

विषय सोडण्याची भाषा तूर्त बाजूला ठेव. आंतरकर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका घे: डोके वळते तेव्हा आतला द्रव किंचित मागे राहतो. त्यापुढे काय घडते आणि रूपांतर कोणत्या पेशीत होते, हे पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिही आणि मला पाठव. नावे चुकली तरी चालतील.