उलट्या थांबल्या होत्या, मग परत का आल्या?

एका गरोदर ताईंचा चौदावा आठवडा. सहाव्या आठवड्यापासून सुरू झालेल्या उलट्या बाराव्यात जवळजवळ थांबल्या होत्या, त्या चार दिवसांपासून परत सुरू झालेल्या. वजन 52 किलोवरून 49 वर. हातात खासगी लॅबचा एक रिपोर्ट: एच. पायलोरी या पोटातल्या जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह. "मॅडम, पोटातल्या या जंतूमुळेच होतंय का सगळं? बाळाला लागण होईल?" सोबत आलेल्या सासूबाईंचं म्हणणं होतं, डोहाळे आहेत, होईल कमी. हा प्रश्न आता बऱ्याच जणी विचारतात.

आधी जंतूचं. एच. पायलोरी जठराच्या अस्तरात राहतो, रक्तातून फिरत बाळाकडे जात नाही. तीव्र उलट्या होणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण आपल्याकडे तो इतका सर्रास आहे की तो असूनही असंख्य जणींना काहीच त्रास होत नाही. उलट्यांचं मूळ बहुतांशी गरोदरपणातच असतं. वारेतून येणाऱ्या जीडीएफ-15 या संप्रेरकाचा त्यात मोठा वाटा असल्याचं 2023 मध्ये स्पष्ट झालं. जंतू असलाच तर त्यात भर घालू शकतो. शिवाय अँटीबॉडी जुन्या संसर्गानंतरही रक्तात राहतात. आज जंतू आहे का, हे शौचाच्या अँटिजेन तपासणीत, म्हणजे जंतूचे अंश शोधणाऱ्या तपासणीत, कळतं. त्याआधी पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागते, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

मला खटकलं ते वेगळंच. थांबलेल्या उलट्या परत आल्या होत्या. नवव्या आठवड्यानंतर पहिल्यांदा सुरू झालेल्या किंवा अशा परतलेल्या उलट्यांचं दुसरं कारण शोधायलाच हवं. ताप येतो का? "रात्री हुडहुडी भरते." लघवीला जळजळ? "थोडी, पण पाणीच पोटात राहत नाही, म्हणून असेल." उजव्या कुशीत, बरगडीखाली दुखत होतं. डोहाळ्यांत ताप येत नाही, थंडी वाजत नाही, कूस दुखत नाही. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. ताप 101, लघवीत पू-पेशी आणि उपासमारीची खूण असलेले कीटोन. पुढे कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हा आतड्यातला जंतू आला. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, लघवी साचते आणि जंतू वर सरकतात. उलट्यांमुळे पाणी कमी जातं, लघवी कमी होते, की जंतूंना आणखी वाव. मूत्रपिंडाला सूज आली की पुन्हा उलट्या. म्हणूनच गोळी पोटात टिकत नसताना घरी बसून चालत नाही. अँटिबायोटिक शिरेतूनच द्यावं लागतं. त्यांना भरती केलं गेलं.

एक गोष्ट सासूबाईंना मुद्दाम बसवून सांगितली. बरेच दिवस अन्न टिकलेलं नसताना नुसती ग्लुकोजची बाटली लावून घ्यायची नाही. आधी थायमिन, म्हणजे बी-1, द्यावं लागतं. त्याच्या अभावात ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

लघवीचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी द्यायचा. समोरून मागे साध्या पाण्याने धुवायचं, पहिली धार सोडायची, मधली निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आत बोट लावायचं नाही. दोन तासांत लॅबमध्ये पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. उशीर झाला तर बाहेरचे जंतू वाढतात आणि रिपोर्ट फसवतो.

डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद पिवळी आली तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्याकडे दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते.

औषधं संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी लघवीचं कल्चर परत करायचं, असं त्यांच्या कागदावर लिहून दिलं. एच. पायलोरीचा उपचार डॉक्टरांनी बाळंतपणानंतरसाठी ठेवला.