भावा, बॉटमध्ये प्रॉक्सी टाकायच्या आधी हे बघ

सांगली यार्डातल्या हळदीचे अन् तासगावच्या बेदाण्याचे दर गोळा करायला बॉट (आपोआप पेज उघडून माहिती घेणारा प्रोग्रॅम) करतोयस ना, मग पहिलं बघ की प्रॉक्सी (मधला सर्व्हर, साइटला तुझ्याऐवजी त्याचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, दिसतोय) खरंच लागतीय का, दिवसातनं चार-पाच वेळा पेज उघडायचं तर घरचं नेट पुरतंय, उगं पैसे घालवू नको. लागलीच तर फुकटच्या प्रॉक्सींच्या लिस्टला हात लावू नको, साध्या एचटीटीपीवरनं (म्हणजे https नसलेल्या साइटवर) जाणारं सगळं मधल्या प्रॉक्सीवाल्याला वाचता येतं, पासवर्डसुद्धा.

विकतची घेतलीस की आयपी, पोर्ट (त्या सर्व्हरच्या दाराचा नंबर), युजरनेम, पासवर्ड मिळतात, प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये लिहायचा क्रम वेगळा असतोय, तिथला नमुना बघूनच टाक. बॉट क्रोमवर चालत असंल तर एचटीटीपी प्रकारची प्रॉक्सीच घे, कारण क्रोमला सॉक्स५ (प्रॉक्सीचा दुसरा प्रकार) वर युजरनेम-पासवर्ड देताच येत नाही आणि नवी पोरं लय वेळ इथंच अडकतात. ४०७ हा एरर कोड आला की प्रॉक्सीचं लॉगिन चुकलंय. ४२९ आला म्हणजे तू लय जोरात पेज मागतोयस, तिथं आयपी बदलत बसू नको, दोन रिक्वेस्टमधला वेळ वाढव, त्या साइटवर दर बघणारे शेतकरीबी असतात रे. नियमात बॉट नको लिहिलं असंल तर नकोच, सरळ परवानगी माग.

सुरुवातीला एकच प्रॉक्सी टाक, आयपी दाखवणारी साइट बॉटमधनंच उघड, बदललेला दिसला की मग बाकीच्या भर.