तू नसशील तर कुणाचं काम अडेल?

अनेक आशीर्वाद.

जर्मनमध्ये बीए झालं, आता पुढे काय, हा तुझा प्रश्न. हे पत्र तू वर्गातल्या जपानी, फ्रेंच, पोर्तुगीजवाल्यांनाही दाखवणार हे गृहीत धरूनच लिहितो आहे. मधूनमधून तुझ्या कामाचं नसलेलं काही आलं, तर ते त्यांच्यासाठी समज.

अनुवादक, दुभाषी, शिक्षक, टूर गाइड, दूतावास अशा याद्या तू पाहिल्याच असतील. त्या चुकीच्या नाहीत, पण त्यांवरून निर्णय घेता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक जाहिरातीपुढे एक प्रश्न ठेव: या जागेवर भाषा येणारं माणूस नसेल, तर कुणाचं काम अडतं? आणि किती लवकर? जिथे तासाभरात अडतं तिथे मोबदला बरा मिळतो. जिथे अडतच नाही, तिथे तुझी भाषा बायोडेटावरची शोभा.

हा प्रश्न चाकणला लावून बघ. जर्मन नावांच्या पाट्या दिसतात, म्हणून तिथे जर्मन पदवीधरांना रोज बोलावत असतील, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात कारखान्याचा कारभार इंग्रजी, हिंदी, मराठीत चालतो आणि तिकडून आलेल्या अभियंत्याला कामापुरतं इंग्रजी येतं. जर्मन लागतं ते नवं यंत्र बसवताना, जुनी ड्रॉइंग आणि तपासणी अहवाल वाचताना, नाहीतर पुरवठादाराशी वॉरंटीवरून वाद झाला की. हे काम कंत्राटी, सुटंसुटं. कायमची नोकरी हवी असेल तर ‘भाषातज्ज्ञ’ हा शब्द शोधत बसू नकोस. खरेदी किंवा लॉजिस्टिक्स विभागात शिरकाव कर आणि जर्मन ही जोडीची गोष्ट ठेव.

जपानीचं उलट आहे. जपानहून आलेल्या तज्ज्ञाला इंग्रजी येईलच असं नाही, आणि लाइन बंद पडली की त्याला समोरच्या ऑपरेटरशी तिथल्या तिथे बोलायचं असतं. म्हणून राजस्थानातल्या नीमराणापासून पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यापर्यंत कारखान्यातला दुभाषी ही पूर्णवेळ नोकरी असते. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, जो कुणी सांगत नाही: ऑपरेटर मराठी असतो. जपानीतून इंग्रजीत आणि मग कुणीतरी मराठीत, असा वळसा न घेता थेट मराठीत सांगणारा दुभाषी सुपरवायझरला हवाच असतो. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य फिरवावं लागत नाही. पण पाठ्यपुस्तकातली जपानी इथे पुरत नाही. ‘बारी’ म्हणजे धातूच्या कडेला राहिलेली खरखरीत धार (बर), ‘किझु’ म्हणजे ओरखडा, ‘कानागाता’ म्हणजे साचा, ‘फुर्यो’ म्हणजे सदोष माल. असे तीनेकशे शब्द पहिल्या महिन्यात वहीत उतरवले नाहीत, तर एन२ (जपानी भाषेच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी) असूनही माणूस गप्प उभा राहतो.

आता तुझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांची पहिली नोकरी जिथे लागेल, ते पुण्या-बंगळुरूतलं शेअर्ड सर्व्हिस सेंटर. युरोपातल्या कंपन्यांची बिलं, ऑर्डरी, पगार, ग्राहकांच्या तक्रारी इथून हाताळतात. बहुतेक ठिकाणी बी२ मागतात, म्हणजे युरोपीय भाषांच्या ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली चौथी. जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा वाजलेले असतात, म्हणजे शिफ्ट साधारण दुपारी सुरू होऊन रात्री दहा-साडेदहाला संपते. जपानी कामाला याच्या उलट, तिथले नऊ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. लॅटिन अमेरिकेसाठी स्पॅनिश म्हटलं की रात्रपाळी आलीच.

या नोकरीला नाकं मुरडणारे खूप भेटतील. माझं मत वेगळं आहे: दोन वर्षं जरूर कर, पण भाषेसाठी नव्हे, हिशेब शिकण्यासाठी. खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि बिल या तिन्हींचा मेळ कसा घालतात, सॅप या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल अडकतं तेव्हा नेमकं कुठे अडकतं, हे शीक. जर्मन बिलावर १९ किंवा ७ टक्के विक्रीकर असतो. खाली कुठेतरी ‘स्कोंटो’ लिहिलेलं असतं, म्हणजे समजा १४ दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट. ती ओळ नजरेतून सुटली की कंपनीचे पैसे जातात. आणि १.२५०,५० हा आकडा साडेबाराशेच्या आसपासचा आहे, सव्वाचा नाही. तिथे पूर्णविराम हजार तोडतो आणि स्वल्पविराम दशांश दाखवतो. नवख्यांच्या हातून सर्वांत महाग चूक इथेच होते.

मुलाखतीत चार गोष्टी विचारून घे. दिवसाच्या आठ तासांत भाषा प्रत्यक्ष किती तास वापरायची? फोन की ईमेल? भाषेचा भत्ता मूळ पगारात धरलेला आहे की वेगळा, आणि विभाग बदलला तर तो जातो का? बाँड किती महिन्यांचा? पहिल्याच प्रश्नाला गोलगोल उत्तर आलं, तर भाषा फक्त निवडीपुरती वापरली जाते आहे असं समज. कंटेंट मॉडरेशनच्या जागाही ‘भाषातज्ज्ञ’ याच नावाने येतात. हिंसक, बीभत्स मजकूर दिवसभर बघायचं ते काम आहे. पगार बघून हो म्हणायच्या आधी हे स्पष्ट विचार.

भाषांतराबद्दल तुझी भीती अशी की यंत्र सगळं करून टाकेल. साध्या ईमेलचं, उत्पादनाच्या वर्णनाचं भाषांतर यंत्राकडे गेलंच आहे आणि ते परत येणार नाही. उरलं आहे ते दोन प्रकारचं. एक, यंत्राचा मजकूर तपासून दुरुस्त करणं. याचा दर कमी, आणि काम वाटतं तितकं सोपं नाही, कारण यंत्राचं चुकीचं वाक्यही गुळगुळीत असतं. दुसरं, जिथे चूक झाली तर कुणीतरी उत्तरदायी लागतो: पेटंट, वैद्यकीय कागद, करार, न्यायालयीन दस्तऐवज. दुसऱ्याकडे जा. जर्मन पेटंटमधला एक दावा कितीही लांबला तरी एकाच वाक्यात असतो. तो न तोडता इंग्रजीत आणणं हे कसब सहा महिन्यांच्या रोजच्या सरावाने येतं.

या धंद्याचं मोजमाप असं: दर शब्दावर, बहुधा मूळ मजकुराच्या शब्दांवर, जपानीत अक्षरांवर. सवय झालेला माणूस दिवसाला दोन ते अडीच हजार नवे शब्द नीट करतो. तुला सुरुवातीला हजारच जमतील, त्यामुळे मुदत कबूल करताना हजारानेच भाग. ट्राडोस किंवा मेमोक्यू ही भाषांतराची सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई नको. ओमेगाटी फुकट आहे, त्यावर ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे आधी भाषांतरित केलेल्या वाक्यांचा साठा, कशी चालते ते दोन शनिवार-रविवारांत कळेल. एजन्सी आधीच्या कामाशी जुळणाऱ्या वाक्यांचे पैसे कापते, तर कोणत्या टक्क्यापासून किती कापणार ते आधी लेखी घे. चाचणी म्हणून अडीचशे-तीनशे शब्द फुकट करून दे. दोन हजार मागितले तर ती चाचणी नव्हे, फुकटात उरकलेलं काम. पैसे ३० ते ६० दिवसांनी येतात, म्हणजे स्वतंत्र काम सुरू करण्याआधी चार महिन्यांचा खर्च बाजूला हवा.

तुझ्या गुणपत्रिकेत भाषांतराचे पेपर असतील तर त्यांचा अभ्यासक्रम विद्यापीठाकडून शिक्क्यासह घेऊन ठेव. आयएसओ १७१०० हे भाषांतर सेवांचं मानक पाळणाऱ्या एजन्सींना अनुवादकाची पात्रता दाखवावी लागते: भाषांतराचं भरीव प्रशिक्षण असलेली पदवी, किंवा दुसरी कुठलीही पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा पाच वर्षांचा अनुभव. तो एक कागद तुझी दोन वर्षं वाचवू शकतो.

दुभाषाच्या कामात वाक्यांपेक्षा आकडे घात करतात. जर्मन ‘बिलियोन’ म्हणजे इंग्रजी बिलियन नव्हे. बिलियन म्हणजे शंभर कोटी आणि त्याला जर्मन ‘मिलियार्डं’ म्हणतात. जर्मन बिलियोन म्हणजे लाख कोटी. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्येही हाच सापळा आहे. जपानी ‘मान’ म्हणजे दहा हजार आणि ‘ओकु’ म्हणजे दहा कोटी. आपल्याला लाख-कोटी येतात ते इथे उपयोगी पडतं: दहा मान म्हणजे एक लाख, बस. जर्मन अठ्ठावीस ‘आठ आणि वीस’ असं म्हणतात. आपणही आधी आठच म्हणतो, त्यामुळे जर्मनमधून मराठीत आकडा सरळ येतो, इंग्रजीत नेताना उलटतो. आकडा ऐकला की लगेच कागदावर लिही, अपवाद नाही. बैठकीचा विषय, सादरीकरण आणि नावांची यादी दोन-तीन दिवस आधी माग. दिवसभराच्या कामात मध्ये सुट्टी ठरवून घे. तात्काळ दुभाषीपणात, म्हणजे वक्ता बोलत असतानाच भाषांतर करताना, बूथमध्ये दोघं लागतात आणि वीस-तीस मिनिटांनी आलटतात. ‘एकटं करशील का’ असं विचारणाऱ्याला हे काम माहीतच नाही.

पोर्तुगीजवाल्यांना लोक उगाच हिणवतात. ‘तुझी भाषा इथे कोण बोलतं?’ बोलणारे कमी आहेत, पण कागद बोलतात. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचे जमिनीचे दाखले, वाटणीपत्रं, जन्म-विवाहाच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत. मालमत्तेचा दावा उभा राहिला की वकिलाचं काम त्या भाषांतरावाचून अक्षरशः अडतं. शिवाय १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांचे पोर्तुगीज नागरिकत्वाचे अर्ज आहेतच. आपल्याकडे मोडी वाचणाऱ्याकडे लोक जुने कागद घेऊन येतात, तसंच हे. अट एकच: हस्ताक्षर वाचता आलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकातल्या कारकुनाची संक्षेपं, जुनं शुद्धलेखन, शाई उतरलेली पानं. त्यासाठी पणजीच्या पुराभिलेखागारात काही महिने बसण्याला पर्याय नाही. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचं एमए आहे; त्याच्या जोडीला नोंदणी आणि वारसा कायद्याचे शब्द शिकलेली माणसं मोजकीच मिळतात.

शिकवणं हा तुझ्यासाठी सर्वांत जवळचा रस्ता आहे. अकरावी-बारावीला जर्मन, फ्रेंच गुण देणारे विषय म्हणून मुलं घेतात, त्यामुळे जागा निघतात, पण त्यांतल्या कितीतरी तासिकेवरच्या. शाळेत कायम व्हायचं तर बीएड लागतं, महाविद्यालयात एमएला ५५ टक्के आणि नेट. आणि शाळेतली भाषा धोरणाने हलते: २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसऱ्या भाषेच्या जागी जर्मन काढून संस्कृत आलं, तेही वर्षाच्या मध्यावर. म्हणून फक्त शाळेवर विसंबू नकोस. सध्या जर्मनीला जाणाऱ्या परिचारिका, तंत्रज्ञ यांना शिकवणाऱ्यांना मागणी आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला आहे. अशा प्रौढांना शिकवणं वेगळं असतं. त्यांना व्याकरणाच्या तक्त्यापेक्षा रुग्णाला ‘कुठे दुखतं’ हे विचारता आलं पाहिजे.

सरकारी नोकरीचं थोडक्यात: परराष्ट्र सेवेत जायचं तर यूपीएससीच. तिथे भाषा निवडीनंतर शिकवतात, तुझ्या पदवीला वेगळं दार नाही. परराष्ट्र मंत्रालयातल्या दुभाषांच्या जागा थोड्या असतात. त्यांवर लक्ष ठेव, पण वाट बघत घरी बसू नकोस. अजिंठा-वेरूळला परदेशी भाषेतले गाइड लागतात, पण तो हंगाम ऑक्टोबर ते मार्चचा. उरलेल्या महिन्यांचं काम आधी ठरव.

परदेशात जायचं असेल, तर जपानमध्ये पदवीधराला भाषांतर-दुभाषीपणाच्या कामासाठी व्हिसा मिळू शकतो आणि त्यासाठी तीन वर्षांच्या अनुभवाची अट पदवीमुळे शिथिल होते. त्याआधी नोकरीचं पत्र मात्र हवंच. ‘आधी दोन लाख भरा, मग जर्मनीतला मालक सांगू’ म्हणणाऱ्या एजंटाकडून चहासुद्धा घेऊ नकोस.

शेवटी पातळीबद्दल. तुझं बीए म्हणजे बी२ नव्हे. भरती करणारे प्रमाणपत्र विचारतात. जर्मनच्या गोएथे बी२ परीक्षेत चार घटक आहेत, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत, आणि ते सुटेसुटे देता येतात. बहुतेकांचं लेखन अडकतं, तर ते आधी काढ. फ्रेंचच्या डेल्फ बी२ परीक्षेत एकूण १०० पैकी ५० आणि प्रत्येक भागात २५ पैकी किमान ५. जपानीच्या एन२ ला १८० पैकी ९०, आणि तिन्ही भागांत किमान १९. त्या परीक्षेत बोलणं-लिहिणं तपासतच नाहीत, त्यामुळे मुलाखतीतल्या पहिल्या मिनिटालाच उमेदवार उघडा पडतो. जपानीवाल्यांनी आठवड्यातून तीनदा अर्धा तास मोठ्याने बोलण्याचा सराव ठेवावा, समोर कुणी नसलं तरी.

बायोडेटात ‘जर्मन: उत्तम’ असं लिहिलं आहेस, ते काढ. परीक्षा, महिना, वर्ष, चारही घटकांचे गुण लिही. खाली एका क्षेत्रातले तीन नमुने जोड, प्रत्येकी तीनशे शब्दांचे, मूळ आणि भाषांतर शेजारी शेजारी. कविता नको, एक यंत्राची पुस्तिका, एक करार, एक वैद्यकीय अहवाल. तिन्हींपैकी ज्याचा तुला सर्वांत कमी कंटाळा आला, तो कोणता ते मला कळव. पुढचं पत्र त्याच क्षेत्राबद्दल लिहीन.